दोन-चार म्हशींचा गोठा : पैदास, चारा आणि दूध यांची घडी कशी बसवावी

म्हैस घ्यायला निघालेला नवखा शेतकरी पहिला प्रश्न बहुधा एकच विचारतो : "दूध किती देते?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एक म्हैस वेताचे, म्हणजे एकदा व्यायल्यानंतरचे, तीनशे दिवस सरासरी १० लिटर दूध देते, पण पुन्हा विण्यास ६०० दिवस घेते. दुसरी सरासरी ८ लिटरच देते, पण ४२५ दिवसांनी, म्हणजे चौदा महिन्यांनी, पुन्हा विते. दोन वेतांमधील सर्व दिवसांवर हे दूध वाटले, तर पहिलीचे दिवसाला ५ लिटर पडते आणि दुसरीचे साडेपाच लिटरांहून अधिक. शिवाय दुसरीची रेडके अधिक होतात आणि भाकड दिवसांत तिच्यावर खर्च होणारा चारा कमी लागतो. म्हणून या लेखात दुधाइतकाच भर दोन वेतांमधील अंतरावर दिला आहे. नाशिक जिल्ह्यातील लहान गोठे अनेकदा दुधामुळे नव्हे, तर भाकड दिवसांमुळे तोट्यात जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीलाच दोनशे पानी वही आणावी. प्रत्येक म्हशीला चार-पाच पाने राखून ठेवावीत आणि विल्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची (म्हैस फळवण्याची) तारीख, वीर्यकांडीवरील रेड्याचा क्रमांक, गाभण तपासणी, लसी आणि आठवड्यातून एकदा मोजलेले दोन्ही वेळचे दूध, एवढे त्यात लिहावे. पुढील प्रत्येक पायरीवर ही वही उघडावी लागणार आहे.

म्हैस निवडताना

सर्वत्र मुऱ्हा जातीची मागणी असते आणि ती रास्तही आहे. घट्ट वळलेली आखूड शिंगे, काळाभोर रंग आणि चांगली कास असलेली ही हरियाणाकडील जात भरपूर चारा, पाणी आणि सावली असेल तेथे उत्तम दूध देते. निफाड, दिंडोरी किंवा नाशिक तालुक्यातील बागायती शेतकऱ्याने ती निवडण्यास हरकत नाही. जाफराबादी देहाने थोर असते, त्यामुळे तिचे खाणेही तसेच असते. दोन एकरांच्या शेतकऱ्याने तिचा विचार जपून करावा. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या कमी पावसाच्या भागात तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस अधिक शहाणपणाची ठरते, कारण ती कोरड्या हवामानात तग धरते, कडब्यावर निभावते आणि नियमित विते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भातपट्ट्यात ज्यांच्या दावणीला आधीच गावठी म्हशी आहेत, त्यांनी त्या विकून महागडी म्हैस आणण्याची घाई करू नये. मुसळधार पाऊस, चिखल आणि भाताचा पेंढा यांवर तगलेली ती म्हैस राखावी आणि उत्तम रेड्याच्या वीर्याने तिची पुढची पिढी सुधारावी. पहिल्या पिढीत निम्मे, दुसरीत पाऊण, अशा रीतीने सुधारित रक्त वाढत जाते. वेळ लागतो, पण घरात वाढलेली वगार, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण म्हैस, बाजारातून आणलेल्या म्हशीपेक्षा आपल्या गोठ्याला अधिक मानवते.

खरेदी करायचीच असेल, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, नुकतीच व्यायलेली म्हैस घ्यावी. लागोपाठ तीन वेळचे दूध काढणे स्वतः पाहावे, कारण एका वेळची धार तुंबवून ठेवलेली असू शकते. चारही सडांतून पहिल्या दोन-चार धारा काळ्या कापडावर घेऊन गुठळ्या दिसतात का, ते तपासावे. कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. "गाभण आहे" एवढ्या शब्दावर पैसे देऊ नयेत. पशुवैद्यकाकडून हात घालून तपासणी करून घ्यावी. नवी म्हैस आणल्यावर दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळी बांधावी.

माज ओळखणे आणि रेतन

गोठ्याचा नफा-तोटा सर्वांत जास्त या कामावर ठरतो, म्हणून येथे सावकाश वाचावे.

म्हैस दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते, पण तिचा माज बहुतेक वेळा मुका असतो. गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर उड्या घेते, तिचा सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, लोंबताना दिसतो. म्हशीत यांतले फार थोडे दिसते. मी पहिल्या वर्षी माझ्या म्हशीच्या ओरडण्याची वाट पाहत राहिलो आणि लागोपाठ तीन माज हातचे गेले. शेजारच्या वस्तीवरील एका आजींनी मला सांगितले, "उभ्या म्हशीकडं काय बघतो, ती बसली होती ती जागा बघ." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कंदील घेऊन गेलो, तर म्हैस उठल्यानंतर तिच्या मागच्या बाजूला जमिनीवर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट पडलेला होता. म्हशीचा सोट उभ्याने लोंबत नाही. ती बसली की पोटाच्या दाबाने बाहेर पडतो आणि शेणात मिसळून दिसेनासा होतो. म्हणून पहाटे शेण काढण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी बसण्याची जागा पाहण्याची सवय लावून घ्यावी.

त्याखेरीज पुढील खुणा पाहाव्यात : वारंवार थोडी थोडी लघवी करणे, योनीमार्गाच्या ओठांवर सूज व आतून लालसरपणा, अचानक कमी झालेले दूध, पान्हा चोरणे, गव्हाणीत तोंड न घालता इकडेतिकडे पाहणे. यांपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या की वहीत तारीख लिहावी आणि रेतनाची तयारी करावी. मागील माजाची तारीख लिहिलेली असेल, तर अठराव्या दिवसापासून चोविसाव्या दिवसापर्यंत विशेष लक्ष ठेवता येते. मुक्या माजावर याइतका स्वस्त उपाय नाही.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. चोवीस तासांनंतरही म्हैस माजावर असेल, तर पुन्हा रेतन करण्याबाबत पशुवैद्यकाला विचारावे. कृत्रिम रेतनाची वीर्यकांडी द्रवरूप नत्रात उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला साठवलेली असते. ती बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. कांडी खिशात ठेवून किंवा हातावर चोळून वितळवली जात असेल, तर नम्रपणे पण ठामपणे कोमट पाण्याचा आग्रह धरावा. हे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण रेतन वाया गेले तर २१ दिवस आपलेच जातात. भाकड म्हशीचा रोजचा खर्च दीडशे रुपये धरला, तरी एका चुकलेल्या माजाचे ३,१५० रुपये होतात आणि न मिळालेले दूध त्यात धरलेले नाही.

कांडीवर जात व रेड्याचा क्रमांक छापलेला असतो. रिकामी कांडी मागून घ्यावी आणि क्रमांक वहीत लिहावा. तीन-चार वर्षांनी तिची वगार माजावर येईल, तेव्हा तिला तिच्याच बापाचे वीर्य दिले जाऊ नये, यासाठी हा क्रमांक लागतो. गावातला एकच रेडा वर्षानुवर्षे सर्व म्हशींना लावण्याची पद्धत याच कारणाने घातक आहे. शिवाय न तपासलेल्या रेड्याकडून ब्रुसेल्लासारखा गर्भपाताचा रोग गोठ्यात येतो. बहुतांशी माद्याच जन्माव्यात म्हणून मिळणारे सेक्स सॉर्टेड सीमेन सुदृढ, स्पष्ट माज दाखवणाऱ्या म्हशीलाच वापरावे, कारण त्याने गर्भ राहण्याचे प्रमाण साध्या वीर्यापेक्षा काहीसे कमी असते.

आता दिवसांचा हिशेब पाहू. म्हशीचा गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. दोन वेतांत चौदा महिन्यांचे अंतर साधायचे असेल, तर ती व्यायल्यानंतर साधारण ११५ दिवसांच्या आत गाभण राहिली पाहिजे. पहिले साठ दिवस गर्भाशय सावरण्यासाठी सोडावेत. त्यानंतर दिसेल तो माज साधावा आणि नव्वद दिवसांपर्यंत माजच दिसला नाही, तर वाट न पाहता तपासणी करावी. तीन रेतने वाया गेल्यावर चौथे तसेच न करता आधी गर्भाशयाची तपासणी करावी. रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घेणे सक्तीचे समजावे. "माज आला नाही म्हणजे गाभण आहे" असे मानून बसलेले कित्येक शेतकरी सहाव्या महिन्यात रिकामी म्हैस पाहून हताश झालेले मी पाहिले आहेत.

म्हैस ऋतूनुसार माजावर येणारे जनावर आहे. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतच्या थंड आणि लहान दिवसांत ती चांगला माज दाखवते, चैत्र-वैशाखात मात्र माज लपतो. काळी कातडी आणि अत्यल्प घामग्रंथी यांमुळे उन्हाचा ताण तिला गाईपेक्षा जास्त होतो. मालेगाव-येवल्याच्या उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचा थर टाकावा, दुपारी दोन-तीन वेळा अंगावर पाणी मारावे, शक्य असेल तर डुंबायला सोडावे आणि मुख्य चारा पहाटे व रात्री द्यावा. एवढे केले तर उन्हाळ्यातही म्हशी गाभण राहतात.

चारा : घरचा किती, विकतचा किती

म्हशीला रोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे चाऱ्यातील पाणी वजा जाता उरणारा भाग, लागतो. ५०० किलो वजनाच्या, आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला २५ किलो हिरवा चारा, ५ किलो कडबा किंवा सरमाड आणि सुमारे ५ किलो खुराक दिला, तर साधारण १४ किलो शुष्क पदार्थ मिळतो आणि हिशेब जुळतो. खुराकाचा ढोबळ नियम असा, की शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो आणि पुढे दर दोन लिटर दुधामागे एक किलो. हिरव्या चाऱ्यात लसूणघास किंवा बरसीम असेल, तर दर दहा किलोमागे एक किलो खुराक कमी करता येतो. दहा लिटर देणाऱ्या आणि भाकड म्हशीला एकाच घमेल्याने खुराक घालण्याची पद्धत सोडावी, कारण त्यात पहिली उपाशी राहते आणि दुसरी चरबी धरते.

खुराक घरी बनवणे नाशिक जिल्ह्यात सोपे आहे, कारण मका आपल्याच शेतात पिकतो. शंभर किलोसाठी मका भरडा ३५ किलो, सरकी पेंड २०, गहू किंवा भाताचा कोंडा २०, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड १२, तूर किंवा हरभरा चुनी १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो घ्यावे. पावसात भिजलेला, काळपट किंवा हिरवट बुरशी धरलेला मका स्वस्त मिळतो म्हणून कधीही वापरू नये. त्या बुरशीचे विष म्हशीच्या यकृतावर परिणाम करते आणि दुधातही उतरते. खुराक विकतचा असला तरी खनिज मिश्रणाचे प्रमाण पाहावे. दिवसाला सुमारे ५० ग्रॅम मिश्रण पोटात गेले पाहिजे. माज न येण्यामागे अनेकदा एवढीच उणीव असते.

हिरव्या चाऱ्यासाठी दहा गुंठ्यांत संकरित नेपिअर लावावे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत हे वाण आपल्याकडे चांगले येते. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी आणि पुढे दर सहा-सात आठवड्यांनी करावी. शेणखत आणि पाणी कमी पडले नाही, तर एवढ्या क्षेत्रात दोन म्हशींची हिरव्याची सोय होते. जोडीला दोन-तीन गुंठे लसूणघास असावा. तो नेपिअरमधील प्रथिनांची उणीव भरून काढतो. बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ लावल्यास उन्हाळ्यात त्याचा आधार होतो. सर्व चारा कुट्टी करूनच घालावा, कारण अख्ख्या कडब्याचा बराच भाग पायाखाली जातो.

उन्हाळ्यासाठी मुरघास करावा. मक्याच्या कणसातील दाणा दुधाळ अवस्थेतून घट्ट होऊ लागला, की पीक कापून त्याची बारीक कुट्टी करावी. कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा हळूहळू सुटला तर ओल योग्य आहे. हाताला पाणी सुटले तर पीक काही तास सुकू द्यावे. पिशवीत किंवा खड्ड्यात थर देत, हवा राहणार नाही असे दाबून तोंड बंद करावे आणि ४५ दिवसांनी उघडावे. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास आणि पिवळसर हिरवा रंग असतो. बुरशी धरलेला भाग फेकून द्यावा.

भातपट्ट्यातील पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, पेंढा तुडवून दाबावा आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवावा. खाऊ घालण्यापूर्वी तासभर पसरून त्याचा उग्र वास जाऊ द्यावा. सहा महिन्यांखालील रेडकांना हा पेंढा देऊ नये आणि युरियाचे पाणी कोणत्याही जनावराच्या तोंडाजवळ राहू देऊ नये. ते पोटात गेले तर जनावर दगावते.

आपल्या जिल्ह्यातील काही गोष्टी येथे वेगळ्या सांगणे भाग आहे. भाव पडला की चाळीतला सडका कांदा म्हशींपुढे टाकला जातो. कांद्यातील घटकांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-तपकिरी होते आणि जनावर अशक्त होऊन दगावू शकते, म्हणून कांद्याचे ढीग म्हशींपासून दूर ठेवावेत. द्राक्षबागेतील गवत किंवा छाटणीचा पाला फवारणीनंतर लगेच कापून घालू नये. बोर्डो मिश्रणातील तांबे आणि कीटकनाशकांचे अंश त्यात असतात. उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे वाढे हा एकमेव हिरवा चारा असू नये. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याच्या ताणावर वाढलेली किंवा कापणीनंतर फुटलेली, फुलोऱ्यापूर्वी अजिबात घालू नये; तिच्यातील विषाने म्हैस काही मिनिटांत कोसळू शकते.

पाणी दिवसभर पुढे असावे. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात ऐंशी लिटरांहूनही अधिक लागते. दिवसातून दोनदा हौदावर नेणाऱ्याने पाणी सतत ठेवून आठ दिवस दूध मोजून पाहावे.

धार

म्हशीच्या कासेत तयार दूध फार थोडे साठलेले असते. बहुतेक दूध पान्हा सुटल्यावरच सडात उतरते आणि पान्ह्याला दोन ते पाच मिनिटे लागतात. त्यामुळे तिला घाई, आरडाओरडा आणि रोज बदलणारा माणूस चालत नाही. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसावी, खुराक पुढे ठेवावा आणि पान्हा सुटला की सात-आठ मिनिटांत धार संपवावी. अंगठा दुमडून न ओढता पूर्ण मुठीने धार काढावी, कारण दुमडलेल्या अंगठ्याने सडाला आतून इजा होते. पान्ह्यासाठी परस्पर इंजेक्शन टोचणे बेकायदेशीर आहे आणि म्हशीला त्याची सवय लागते, म्हणून ते आपल्या गोठ्यात कधीही येऊ देऊ नये. धारेनंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत आणि अर्धा तास म्हैस बसणार नाही, यासाठी पुढे वैरण टाकावी. त्या वेळात सडाचे तोंड उघडे असते आणि कासदाहाचे जंतू तेथूनच आत शिरतात.

म्हशीच्या दुधाचा दर साधारणपणे ६ फॅट (स्निग्धांश) आणि ९ एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ) हे मूळ धरून ठरतो. फॅट घसरली तर आधी कोरडी वैरण कमी पडते आहे का, ते पाहावे. विण्यापूर्वी दोन महिने म्हैस पूर्ण आटवावी. शेवटपर्यंत पिळलेली म्हैस पुढच्या वेतात कमी दूध देते.

लसींबाबत थोडक्यात सांगायचे, तर लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. ब्रुसेल्लाची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी रेडकांना एकदाच टोचतात. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

रेडकू

म्हैस व्यायल्यावर वार (गर्भाचे वेष्टन) बारा तासांत पडली नाही, तर ती ओढू नये, तिला दगड बांधू नये, पशुवैद्यकाला बोलवावे. ओढाताणीने गर्भाशय दुखावते आणि पुढचे वेत लांबते.

रेडकाचे नाक-तोंड पुसावे, नाळ दोन इंच ठेवून बांधून कापावी आणि तिला टिंक्चर आयोडीन लावावे. वार पडण्याची वाट न पाहता अर्ध्या ते एका तासात चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, पाजावा. तीस-पस्तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात सुमारे तीन लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून मिळाला पाहिजे. रोगप्रतिकाराची शक्ती त्याला केवळ चिकातून मिळते आणि चोवीस तासांनंतर आतडे ती शोषू शकत नाही.

म्हशीच्या रेडकांत मोठ्या गोल जंतांचे संकट गंभीर असते, कारण हे जंत आईच्या दुधातूनच त्यांच्या पोटात जातात. माझे पहिले रेडकू अठराव्या दिवशी पांढऱ्या, दुर्गंधीयुक्त हगवणीने गेले. मी दूध जास्त झाले असे समजून दोन दिवस दूध कमी करत राहिलो आणि ते डोळ्यांदेखत खंगले. दहाव्या दिवशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाजलेले पायपेराझिन हे साधे जंतनाशक त्याला वाचवू शकले असते. तेव्हापासून रेडकू जन्मताच दहाव्या दिवसाची तारीख मी वहीत लाल शाईने लिहितो. पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक द्यावे.

दूध वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके पाजावे आणि तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक व कोवळी लसूणघास पुढे ठेवावी. दूध विकण्याच्या नादात मादी रेडकाला उपाशी ठेवले, तर ती वगार चौथ्या-पाचव्या वर्षी विते. नीट वाढवलेली तीन ते सव्वातीन वर्षांत व्यायला हवी. त्यासाठी दर महिन्याला टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराला घेराने आणि मग लांबीने गुणून ६६० ने भागले, की वजन किलोत मिळते : घेर ६४ आणि लांबी ५२ इंच असेल, तर सुमारे ३२३ किलो. वगार तीनशे किलोंच्या पुढे गेली, की वहीत तिच्या नावाचे नवे पान काढावे, आईच्या पानावरून बापाचा क्रमांक त्यावर उतरवावा आणि पहाटे शेण काढण्यापूर्वी तिचीही बसण्याची जागा पाहायला सुरुवात करावी.